एक नंबर कुठून मोजायचा

रविवार, ११ फेब्रुवारी

चि. जावईबापूंस,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे ठीक, तुझी खुशाली कळव, हे लिहायचंच असतं म्हणून लिहिलं. पण तुझी खुशाली मला खरोखरच हवी आहे. हिचा गुडघा बरा आहे. म्हणजे दुखतो, पण जिना चढून आल्यावर माझ्यावर ओरडण्याइतका दम आता उरतो.

कागदोपत्री तू आता आमचा जावई नाहीस, हे मला ठाऊक आहे. पण दुसरं काय लिहू? गॅरेजमध्ये तुला अरे-तुरे करायचो आणि जेवायला बसलो की "तुम्ही घ्या ना" म्हणायचो, तेही हिनं डोळे वटारले म्हणून. आज गॅरेजातलंच चालवतो.

गाडीचं सांगतो. बाहेरून ती अजून तशीच आहे, चार दारांची, कोणी वळूनही बघणार नाही अशी. पण सहाही पिस्टन नवे बसले, एकाच्या जागी दोन कार्ब्युरेटर आले, पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक लागले. मागचं सीट हिनं शिवलं. शिवण वाकडी आहे म्हणायची हिंमत कोणात नाही. सगळं तू आखून दिलंस तसंच केलं. छापखान्यात चाळीस वर्षं शिशाचे खिळे जुळवलेला, उलटी अक्षरं वाचून पोट भरलेला माणूस मी. निवृत्त झालो तेव्हा पाना कुठल्या बाजूनं धरायचा तेही कळत नव्हतं. तू मला एकदाही हसला नाहीस. दोनदा हसलास, पण तोंड फिरवून. गाडीवर आपण दोघं राबलो त्या चार वर्षांबद्दल मी तुझे आभार कधी मानले नाहीत, ते आज मानतो. निवृत्त माणसाला सगळे वार सारखेच. मला रविवारची वाट बघायला तू लावलंस.

जानेवारीत इंजिन चालू करायला घेतलं. ते खोकलं, कार्ब्युरेटरमधून धाडकन आवाज निघाला, माझ्या भुवया थोडक्यात वाचल्या. तीन आठवडे हेच. भिंतीवर तू खडूनं काढलेला नकाशा होता: सहा सिलिंडरचे सहा गोल, एक बाण आणि खाली ठिणगीचा क्रम, एक-पाच-तीन-सहा-दोन-चार. वायरी मी त्यात बघूनच लावल्या होत्या. मग मी ठरवूनच टाकलं की तो तू मुद्दाम चुकीचा काढून ठेवलास. जेवताना बोलूनही दाखवलं, "जाता जाता वाट लावून गेला."

लेक आली होती. ती ताटावरून उठली. हात धुऊन थेट गॅरेजमध्ये गेली, मी मागोमाग.

"बाबा, एक नंबर कुठला धरलात?"

"हा. सीटकडचा."

"अहो, तो नेहमी रेडिएटरकडून मोजतो! टेबलावर सहा चमचे मांडून दहा वेळा सांगितलंय मला. हा बाण बघा की. तुम्ही नकाशा उलटा वाचलात."

खिळे वाचायची सवय, दुसरं काय! एक आणि सहाचे पिस्टन बरोबरच वर येतात, त्यामुळे बघणाऱ्याला सगळं जागच्या जागी वाटतं; ठिणगी मात्र भलत्याच वेळी पडते. मी हसायला लागलो. ती हसली नाही.

"आणखी एक उलटं वाचलंत," ती म्हणाली. "त्यानं मला सोडलं नाही, बाबा. वेगळं व्हायचं मी ठरवलं. मी सांगेपर्यंत गप्प राहा, असं मीच त्याला म्हटलं होतं. मग मला धीरच झाला नाही."

आता जे टाळत दोन पानं भरली, ते लिहितो. तुम्ही वेगळे होताय हे कळलं त्या दिवशी मी तुला गॅरेजच्या दारातच अडवलं आणि "किल्ली ठेव, चालायला लाग" म्हणालो. तू एका वाक्यात माझं तोंड बंद करू शकला असतास. तू किल्ली बाकावर ठेवलीस आणि म्हणालास, "बाबा, पेट्रोलच्या नळीला क्लिप लावायची राहिलीय. विसरू नका." वर्षभर मी त्याला तुझा कोडगेपणा म्हणत आलो. एवढा अपमान होत असताना तुला काळजी होती ती मी भाजू नये याची. माझं चुकलं. मला माफ कर.

वायरी बदलल्या आणि इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झालं. सहाही सिलिंडर एका सुरात. इतका आनंद झाला की मी वळून तुझ्याकडे बघितलं. तिथं कोणी नव्हतं. मग थोड्या वेळानं बंद केलं.

सध्या गाडी चालू होते, पण थांबत नाही. ब्रेकमधली हवा काढायची आहे. एकानं पॅडल दाबायचं, दुसऱ्यानं चाकापाशी पडून स्क्रू सोडायचा. ही आणि लेक, दोघीही दाबायला तयार आहेत. दोघींना नको म्हटलं. पत्र लेकीला विचारूनच लिहितोय. ती म्हणाली, "माझं त्याच्याशी भांडण नाही, बाबा. तुमचं होतं."

तुला वेळ नसेल, मन नसेल, तर येऊ नकोस. मी समजून घेईन. आलास तर पॅडल मी दाबीन, खाली पडायचं वय तुझं आहे.

ज्याचा तुझ्याशी घटस्फोट झालेला नाही, असा
तुझा सासरा