तिजोरी येईपर्यंत

३ नोव्हेंबर १९४२

आज निश्चय केला. तिजोरी घ्यायची. चौदा वर्षांचा संग्रह बिस्किटाच्या डब्यात आणि डबा भाताच्या कणगीमागे, हे शोभत नाही. तीनशे बारा नाणी. बहुतेक व्हिक्टोरिया राणीची: पैसे, ढब्बू, थोड्या चांदीच्या चवल्या. प्रत्येक नाणं वेगळ्या कागदात, कागदावर साल आणि कुठं मिळालं ते. रेल्वेच्या मालधक्क्यावरच्या कारकुनाजवळ असा संग्रह कर्जतात दुसरा नाही. धक्क्यावर दुसरा कारकूनही नाही, पण तो मुद्दा वेगळा.

खालापूरचे झाकीरमास्तर जुन्या नाण्यांवर मुंबईच्या मासिकात लिहितात. माझ्या संग्रहावर लेख करायला तयार आहेत. येत्या रविवारी येतो म्हणाले. तिजोरी आली की या, असं कळवलं. लेखात बिस्किटाचा डबा नको.

९ नोव्हेंबर

मुंबईहून कॅटलॉग आला. तीन नमुने. नंबर दोन अग्निरोधक. घर जळालं तरी आतलं शाबूत राहतं. घर जळाल्यावर तिजोरी ठेवायची कुठं, हे दिलेलं नाही.

लढाईमुळे बाजारात मोड मिळत नाही. लोक चिल्लर दाबून बसले आहेत. सरकारनं तो गुन्हा ठरवला हे उत्तम केलं. अशा लोकांना आत टाकावं. माझा संग्रह आहे, ते वेगळं.

कॅटलॉग वाचत असताना सौ. काही विचारत होती. भागी भाजीवाली नोट घेत नाय, सुटे मागते, मग डब्यातलं घेऊ का, असं काहीसं. हूं म्हटलं. मी कुलपांच्या पानावर होतो.

२६ नोव्हेंबर

कारखान्याचं उत्तर. पोलाद सगळं लष्कराकडे जातं. घरगुती तिजोऱ्या लढाई संपल्यावर. लढाई कधी संपणार ते कळवलेलं नाही.

सौ.नं पुन्हा डब्याचा विषय काढला. तिजोरी आली की बोलू म्हटलं. एका वेळी एक काम.

११ डिसेंबर

रजा टाकून खालापूरला गेलो. शकूरभाईंचा जुन्या लोखंडी सामानाचा धंदा. त्यांच्याकडे बंद पडलेल्या भातगिरणीची तिजोरी आहे. साडेसात मण. शकूरभाई म्हणाले, बाबू, चोर आला तर हिच्यावर बसून विडी ओढील नि निघून जाईल. गिरणी का बंद पडली विचारलं. म्हणाले, तिजोरीच्या दोषानं नाही, आत ठेवायला काही उरलं नाही म्हणून. विचार करून कळवतो म्हटलं. घाईनं निर्णय घेणारा मी नव्हे.

मोटारीत सुटे नसले तर चढू देत नाहीत. सौ.नं निघतानाच दोन्ही वेळचं भाडं मोजून हातावर ठेवलं. कुठून जमवते कोण जाणे. काटकसरी आहे. त्यात एक पैसा १८६२चा निघाला, फार सुबक. ठेवून घ्यावासा वाटला. पण त्या सालचा माझ्याकडे आहे, म्हणून कंडक्टरला देऊन टाकला.

७ जानेवारी १९४३

डबा हलवून पाहिला. उघडला नाही, नाण्यांना हवा लागते. हलका वाटला. थंडीत धातू आकसतो.

शेजारपाजारचे हल्ली मोड मागायला आमच्याकडे येतात. इथं दहिवलीत एवढा मान आम्हाला पूर्वी नव्हता. सोनाबाई सौ.ला म्हणाली, वैनी, परसात पैशाचं झाड लावलंय का गं? सौ. हसली नाही. मला म्हणाली, तिजोरी आणायची तर लवकर आणा, नायतर आता राहू द्या. बायकांना दोनच टोकं दिसतात.

झाकीरमास्तरांचं पत्र. मार्चअखेर दापोलीला बदली होतेय, नाणी डब्यात असली तरी चालतील, म्हणे. धीर धरा असं मी उलट लिहिलं.

१८ फेब्रुवारी

शकूरभाईंची तिजोरी पक्की केली. दोन महिने विचार केला तेवढ्यात त्यांनी वीस रुपये वाढवले. पक्क्या विचाराला किंमत पडते.

४ मार्च

आली. कोंडाजीच्या गाडीनं. पळसदरीच्या चढावर एक बैल बसला तो तासभर उठला नाही. सहा माणसांनी उतरवली. माजघराच्या सारवलेल्या जमिनीत चार बोटं रुतली आणि दार आपोआप उघडायला लागलं. खाली फरशी सरकवली. आता दार लागतं, मात्र ढकलून धरावं लागतं.

माणसांनी चहापाणी मागितलं. माझ्याजवळ दहाची नोट. कोंडाजी म्हणाला, बाबू, ही नोट काय बैलाला चारू? सौ.ला म्हटलं, कुठूनही दे, पण सुटे दे. ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, खरंच देऊ? चारचौघांत वाद नको म्हणून म्हटलं, दे. आतून मूठभर आणून दिले.

झाकीरमास्तरांना रविवारी बोलावलं आहे. किल्ली करगोट्याला बांधली.

५ मार्च

डबा उघडला. कागद आहेत. तीनशे बारा, घडी घालून, सालवार. नाणी नाहीत.

सौ. म्हणाली, मी इचारलं व्हतं. तुमी हूं म्हनलात. परत इचारलं तर म्हनलात, तिजोरी आली की बोलू. तवर काय खायचं व्हतं? भाजी, दळण, घासलेट, समदं त्यातनंच झालं. काल पन इचारलं. मूठभर उरलं व्हतं, तेबी तुमीच द्या म्हनलात.

खरं आहे. विचारलं होतं.

राग यायला हवा होता. आला नाही. मग जेवलो. धक्क्यावर तांदळाच्या गोणी आल्या होत्या, त्या उतरवून घेतल्या.

संध्याकाळी कागद तिजोरीत ठेवले. एका कोपऱ्यात मावले.

७ मार्च, रविवार

झाकीरमास्तर आले. तिजोरी दाखवली. कुलूप भक्कम आहे म्हणाले. आतले कागद दिले. त्यांनी पहिला उघडून पाहिला, मग दुसरा. माझ्याकडे पाहिलं. मी दाराच्या बिजागऱ्यांविषयी सांगत होतो. मग त्यांनी चष्मा पुसला आणि सगळे कागद वाचले. साल, गाव, कुणाकडून. तासभर लागला. एवढंच म्हणाले, तुमचं अक्षर फार नेटकं आहे. लेखाचं ते बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. कागदांवरूनही लेख होऊ शकतो.

चहा घेऊन निघताना त्यांनी रुपयाची नोट काढली. मोटारीसाठी मोड मिळेल का, म्हणाले. मी सौ.कडे पाहिलं. ती चुलीकडे तोंड करून बसली होती. नाही म्हणालो.

पळसदरीपर्यंत चालतो, तिथं ओळखीचा गाडीवाला भेटेल, म्हणाले. मी वळणापर्यंत सोबत गेलो. पुढंही जाणार होतो, पण तिजोरीचं दार नुसतं ढकलून आलोय, कुलूप लावलं नाही, हे आठवलं. म्हणून परत फिरलो.