गोधडीच्या पोटातली भाकरी

संपादकताई, जय भीम.

नवी पोरं गोधडी शिवायला लागावीत म्हणून मासिकात काय छापावं, असं तुम्ही विचारलंय. मी औरादचा रत्नपाल. मित्रासोबत हुलसूरला बैल बघायला गेलो, तिथं शिवगंगाअक्का बायांसोबत गोधडी शिवताना दिसल्या अन् बैल राहिला बाजूला. मी शिकवा म्हणालो, तर अक्का म्हणाल्या, "पुरी केलास तर तुझी. अर्धी सोडलास तर पायपुसणी करते." मी आयटीआयसुद्धा अर्धं सोडलेलं, म्हणून घाबरलो.

आज माझ्या गोधडीचा शेवटचा कोपरा होता. इथं गोधडी उपाशी ठेवत न्हाईत, शेवटच्या ठिगळाखाली भाकरीचा तुकडा घालूनच शिवतात. अक्कांनी तुकडा माझ्यापुढं ठेवला. तुमचा अंक चाळता चाळता मी तो खाऊन टाकला.

"रत्न्या, शिवायलास का खायलास? आता हिच्या पोटात काय घालू, तुझं डोकं?"

बाया हसून लोळल्या.

ताई, हे छापा. तुमच्या अंकातल्या गोधड्या लई देखण्या, पण त्यांच्याभोवती कुणी हसताना, भांडताना दिसत न्हाई. अन् दरवेळी 'मैत्रिणींनो' कामून लिहिता? आम्ही पोरंही वाचतो की.

भाकरीची टोपली रिकामी आहे. अक्का म्हणायल्यात, "एवढं मन लावून लिहायलास, तेच घाल." म्हणून हे पत्र तुम्हाला मिळणार न्हाई. घडी घालून ठिगळाखाली सारतो अन् टाके घालतो. मी शेवटपर्यंत नेलेलं हे पहिलंच काम.

तुमच्या मैत्रिणींमधलाच एक,
रत्नपाल