काठावरचा टवका

३ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझा भिंगऱ्या पाच महिन्यांत चौथ्या नोकरीवर आलाय, पण ही टिकणार. बाबांना सांग, रोज रात्री अकराला ते ज्यांच्यासमोर हात जोडल्यासारखे बसतात, त्या साहेबांच्याच कार्यक्रमात लागलोय. म्हणायला रात्रीचा कार्यक्रम, होतो मात्र दुपारी चारला. साहेबांच्या मागच्या खिडकीतली रात्र पुठ्ठ्याची आहे.

काम ऐकून हसशील. साहेबांच्या टेबलावर तो निळा मग असतो ना, काठाला टवका उडालेला? त्यांच्या आईचा मग, त्यांचा आवाज रेडिओवर पहिल्यांदा ऐकला आणि तिच्या हातून सुटला, असं ते सांगतात आणि बाबांचे डोळे भरतात, तोच. ताई, तो एक मग नाही, कपाटभर आहेत. साहेब चिडले की फेकून मारतात. माझ्याआधीच्या माणसाचे दोन दात त्यातच गेले. नवा मग आला की काठ ठोकायचा, कानशीने घासायचा, हुबेहूब तोच टवका पाडायचा. लोकांना वाटतं बावीस वर्षं एकच मग. हे काम किल्लीवाल्याच्या पोराला नाही मिळणार तर कुणाला? बाबांनी बोटं फोडून शिकवलं, ते इथे कामी आलं.

साहेबांचा चेहरा रंगवणारी बाई आहे, तिला सगळे रंगमावशी म्हणतात. मला रोज अर्धी भाकरी देते आणि साहेबांचं पुराण सांगते. साहेब आधी ठोसेबाज होते. तिसऱ्याच लढतीत जबडा मोडला. पडल्या पडल्या रक्त थुंकत असं काही बोलले की सगळं सभागृह हसलं. लढती भरवणाऱ्या मालकाने हातातले मोजे काढून घेतले आणि माइक दिला. तिथून रेडिओ, मग टीव्ही. आता त्यांच्या एका प्रश्नाने मंत्री घरी जातो. मावशी म्हणते, ठोसे काही सुटले नाहीत, फक्त आता समोरच्याला खुर्चीत बसवून मारतात.

मगाचं बाबांना सांगू नकोस. लोभ असू दे, शिव्या बेताने दे.

तुझा भिंगऱ्या


१९ मार्च

चि. भिंगऱ्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझी नोकरी बाबांनी दुकानावर येणाऱ्या प्रत्येकाला सांगितली. किल्ली एक, गप्पा दहा. तुझं नाव नाही घेत, पण माझा मुलगा म्हणाले. मी हे पहिल्यांदाच ऐकलं.

खरं सांगू? आई गेल्यापासून या घरात अकरा ते बारा एवढाच तास कुणाचा हात उठत नाही. परवा माझ्याकडून त्यांचा चष्मा पडला. मारायला उठले, एक बसलीही, तेवढ्यात कार्यक्रमाचं संगीत लागलं आणि ते खाली बसले. कान गरम, तरी मला हसू आलं. तेव्हा तुझे साहेब कसे का असेनात, मला त्यांचा तास हवाय. नोकरी सोडू नकोस. मग फेकला तर वाक.

जीवाला जप, जेवढा जपता येईल तेवढा.

तुझी ताई


८ मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मला वाकावं लागलं नाही. मग माझ्याकडे आलाच नाही.

मावशी पावडर लावता लावता बोलून गेली, की काल हसू जरा कमी आलं. एवढंच. साहेबांनी हातभर अंतरावरून तिच्या तोंडावर मग मारला. तो फुटला, फक्त मगाचा कान त्यांच्या बोटांत राहिला. त्याने आणखी दोनदा मारलं. डोळ्याखालचं हाड मोडलं तो आवाज मी ऐकला. कुलपात किल्ली मोडते ना, तसाच. डोळा गेला, ताई.

पुढचं कुणाला बोललो नव्हतो. कपाटात तयार मग नव्हता. व्यवस्थापक ओरडला, अकरा मिनिटं आहेत. मावशी जमिनीवर कण्हत होती, तिचं रक्त माझ्या चपलेखाली चिकचिकत होतं आणि मी कानस चालवत होतो. वेळेत झालं. साहेब हात धुऊन बाहेर गेले. लोक पोट धरून हसले. बाबाही हसले असतील.

मावशीने फिर्याद दिलीय. साहेब म्हणतात, ती जिन्यावरून पडली. आईचा मग तर एकच, आणि त्या दिवशी सगळ्यांनी टेबलावर अख्खा पाहिला. तो मीच ठेवला होता ना! आता त्यांच्या माणसांनी कपाट रिकामं केलंय. मग एक नव्हता हे सांगणारा मी एकटाच उरलो. काल जाऊन जबानी दिली. नोकरी गेली. तुझा तासही जाईल. रागव, पण तोडू नकोस.

तुझा भिंगऱ्या


३० मे

चि. भिंगऱ्यास,
अनेक आशीर्वाद.

बरं केलंस. दुसरीच्या डोळ्याच्या बदल्यात मिळणारा तास मला नको.

परवा साहेबांनी कार्यक्रमात तुझी खिल्ली उडवली. म्हणाले, एका किल्लीवाल्याच्या पोराला माझ्या आईच्या मगाचं कुलूप उघडायचंय. मग कॅमेऱ्यासमोर धरला, अगदी जवळ. लोक हसले. बाबा हसले नाहीत. उठून टीव्हीला नाक लावलं. म्हणाले, फुटलेला टवका असा नसतो, हा घासलाय. आणि कानस डावीकडे उतरलीय. आता एकतर टीव्ही फुटणार नाहीतर मी, असं वाटलं. त्यांनी टीव्ही बंद केला, बारा वाजायच्या आत.

आज सकाळी फळीवरून तुझ्या हातच्या जुन्या किल्ल्या काढल्या, कानस फडक्यात गुंडाळली आणि निघाले. कशाला, विचारलं तर हात उगारला. पण तसाच खाली घेतला. तुझ्याकडे येतायत. मारायला की कशाला, मला कळलं नाही. दार लावून घे.

तुझी ताई


१६ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

दार लावलं होतं. बाप किल्लीवाला असल्यावर काय उपयोग? नव्या कामावरून आलो तर खाटेवर बसलेले. मी दारातच हात तोंडापुढे धरला, सवयीने. त्यांनी फक्त कोर्ट कुठे आहे ते विचारलं.

साहेबांच्या वकिलाने मला शाळा किती ते विचारलं. सातवी नापास म्हटल्यावर माणसं हसली. तिथेही साहेबांची हसणारी माणसं. मग बाबा उभे राहिले. साहेबांनी कोर्टात आणलेल्या मगाशेजारी माझ्या किल्ल्या मांडल्या आणि न्यायाधीशांना भिंग दिलं. सगळीकडे कानस डावीकडे उतरलेली. वकील म्हणाला, डावरे काय कमी आहेत जगात? बाबा म्हणाले, तो डावरा नाही. उजवी तर्जनी वाकडी आहे, तिच्यात जोर येत नाही. हे तुम्हाला काय ठाऊक, असं वकिलाने विचारलं.

बाबा म्हणाले, ती मी मोडली. बारा वर्षांचा होता, एक किल्ली केसभर चुकली म्हणून. मग फडकं सोडून कानस टेबलावर ठेवली. म्हणाले, हिनेच.

ताई, कुणी हसलं नाही. मावशी एका डोळ्याने बाबांकडे बघत होती, आणि तिच्या नजरेत कौतुक नव्हतं. संध्याकाळी साहेबांना कोठडीत नेलं.

बाबांनी माझी माफी मागितली नाही आणि मी दिली नाही. वाटेत माझं बोट हातात घेऊन बघितलं, सोडून दिलं. उद्या निघतील. कानस कोर्टाने पुरावा म्हणून ठेवून घेतली. त्यांनी दोनदा मागितली, मिळाली नाही. रिकामं फडकं खिशात घेऊन येतायत.

अकरा वाजले की आता टीव्हीवर काही नसेल. त्यांचा हात उठला तर मला दोन ओळी टाक. साक्ष कशी द्यायची ते मला आता येतं, आणि त्यांनाही ठाऊक आहे.

लोभ आहे तसाच राहू दे, वाकडा का होईना.

तुझा भिंगऱ्या