साच्याचं नाव कुठल्या कार्डावर

१२ फेब्रुवारी २०१३, मंगळवार, करंजाडे

संध्याकाळी नात प्रणाली ऑफिसातून आली ती लॅपटॉप घेऊनच बसली. चहा गार झाला. उद्या सकाळी चाळीस माणसांची मशिनं सुरू झाली नायत तर साहेब तिला कायम करणार नाय, एवढं मला कळलं.

मशिनं तरी खरी कुठं हायत? सगळी म्हणे एका मोठ्या मशीनच्या पोटात. प्रणाली एक साचा करते, त्यातून बाकीची काढते. मग प्रत्येकाचं नाव ऑफिसच्या डोमेनात चढवायचं. नावं काही चढेनात.

"डोमेन म्हणजे काय गो?"

"रेशनकार्ड समज, आजी. नाव असेल त्यालाच आत घेतात."

"मग साच्याचं नाव कुठल्या कार्डावर हाय?"

तिनं साचा उघडून बघितला. साचाच तिनं आधी डोमेनात चढवून ठेवलेला, म्हणून त्यातून निघालेलं प्रत्येक मशीन साच्याचंच नाव सांगत होतं.

"माझं नाव गावच्या, चिरनेरच्या कार्डावरनं कमी केलं नव्हतं, तर इथं चढवलं नाय. दोनदा परत धाडलं. चौथी शिकलेल्या बाईला कळतं ते."

"आजी, टोमणे नंतर मार."

मी बोलले म्हणून तिला कळलं, की कळणारच होतं? असू दे.

तिनं साचा डोमेनातून बाहेर काढला नि एक नवं मशीन करून बघितलं. ते बंद झालं, परत चालू झालं. आलं ते स्वतःचं नाव घेऊन, आणि डोमेनात गेलंसुद्धा.

एकोणचाळीस राहिलीत. साहेबाचं उद्या बघू. जेवताना लॅपटॉप मांडीवर घेतला की मी रोज बोलते. आज भाकरी वाढली नि काही बोलले नाय.