बाळाची पाठ अजून कोवळी आहे

३ जानेवारी
सासरेबुवा म्हणाले, शिंगरू तीन वर्षांचं झालं, आता खोगीर चढवा. त्यांच्या तबेल्याचा नियम आहे : ज्याने वाढवलं, त्यानेच पहिल्यांदा पाठीवर बसायचं. बाळाला वाढवलं मी. म्हणजे मीच बसणार. आनंदच आहे. रायडिंग मी कॉलेजात केलंय (फोटो आहे). पण गुडघ्याची हाडं पक्की व्हायच्या आत बसलं, तर जनावराचं जन्माचं नुकसान. थोडं थांबतो. केवळ शास्त्र म्हणून.

१९ जानेवारी
सासरेबुवांनी परस्पर डॉक्टर बोलावून एक्स-रे काढला. गुडघे पक्के निघाले. नीट बघा म्हटलं. डॉक्टर म्हणाला, नीटच बघितलंय. पोरगेला आहे, अनुभव कमी.

२ फेब्रुवारी
पाठीचे मणके! ते साडेपाच वर्षांपर्यंत जुळत नाहीत. जेवताना सगळ्यांना समजावून सांगितलं. ही म्हणाली, अहो, घाबरता की काय? हसलो. बराच वेळ हसलो.

११ फेब्रुवारी
नुसतं खोगीर ठेवून पाहिलं. बाळाने त्याचा वास घेतला आणि पुन्हा गवत खायला लागलं. मला घाम फुटला. उकाडा फार. नाल ठोकणारा म्हणाला, बाळ कसलं, चांगला घोडा झालाय. आगाऊ माणूस.

२० फेब्रुवारी
सासरेबुवांनी निर्वाणीचं सांगितलं. महिनाअखेर बसला नाहीत, तर विकून टाकणार. कामाविना खाणारी दोन दोन तोंडं पोसणं जमायचं नाही म्हणाले. दुसरं तोंड कोणाचं, ते मी विचारलं नाही.

संध्याकाळी बाळाने माझ्या खांद्यावर हनुवटी टेकली. जन्मल्यापासूनची सवय. मला रडू आलं. कोणाला विकू देणार नाही. उद्याच बसतो. उद्या नको, वारा आहे.

२८ फेब्रुवारी, दुपारी
बसलो!! सगळे हजर होते. नालवाल्याने खालून दोनदा ढकललं, तेवढी मदत कोणीही घेतो. बाळ जागचं हललंसुद्धा नाही. टाळ्या पडल्या. मग सगळे चहाला गेले.

थोड्या वेळाने
हे खोगिरावरूनच लिहितोय. बाळ उभ्या उभ्या झोपलंय. खालची जमीन बरीच लांब आहे. हाक मारली असती, पण उगाच दचकेल बिचारं.

संध्याकाळी
ही बघायला आली. म्हणाली, अहो, उतरा की. म्हटलं, त्याला माझ्या वजनाची सवय होऊ दे. तिने स्वयंपाकघरातलं उंच स्टूल आणून लावलं आणि मला हाताला धरून त्याच्यावर उतरवलं.

सासरेबुवांनी बाळाला थोपटलं. म्हणाले, हा तयार झाला, याला ठेवू या. उद्यापासून ही बसेल. बाळ हिच्या मागोमाग निघूनही गेलं.

मी अजून स्टुलावर आहे. तेही जरा उंचच आहे.