काकूंनी फोन उचलला आणि कविता झाली

डोंबिवली, मार्च १९९५, संध्याकाळ

हसू नकोस, तूही जळला असतास!

आज कोलशेतला माझ्या कवी मित्राकडे, शैलेशकडे गेलेलो. त्याने जुन्या कॉम्प्युटरला मोडेम लावलाय. इंग्रजी अक्षरांत टाईप केलेली त्याची मराठी कविता फोनवरून मुंबईतल्या कोणाच्या तरी कॉम्प्युटरवर जाते, आणि अनोळखी लोक ती वाचतात. माझं कोण वाचतं? परवा कविता जात असताना त्याच्या आईने त्याच लाईनवरचा आतला फोन उचलला, "हॅलो, कोन बोलतंय?" झालं, मधल्या ओळींचा कचरा झाला. कंस, टिंबं, डॉलर. आणि तिकडून उत्तर काय? "मधली मोडतोड जबरदस्त. धाडसी फॉर्म!"

धाडसी! डॉलरला धाडसी! मी कॉलेजपासून ओळी मोडतोय, मला कोणी असं म्हणालं नाही.

"त्यांना खरं सांग ना," मी म्हटलं.

"येडा आहेस का? थँक्यू टाईप करून झालं. तुला जळतंय रे."

जळतंयच. तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. "माझ्यामुलं बिघरलं ना रं याचं?"

"नाही काकू, तुमच्यामुळेच जमलं," म्हटलं, आणि शैलेशने तोंड उघडायच्या आत चपला घालून निघालो.