सोळा गाण्यांचा क्रम

३ ऑगस्ट

कचरा म्हणे! आज दुकानात जुन्या सामानाचं एक खोकं आलं, त्यात पाच सीड्या. पाचही 'पॉवर पॉप'च्या — सगळे विसरलेले बँड, कुणीतरी त्यांची गाणी हुडकून एकत्र केलेली. साजिदभाई म्हणाले, “कबाड़ है मियाँ, लेके जाओ.” मालकच म्हणतोय म्हटल्यावर काय! एक बिघडलेला कॉम्प्युटर उघडून बसलो होतो, शेजारच्या चालू कॉम्प्युटरवर तिथंच एक लावली. चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीची पोरं. गिटारी कडाडतायत, सगळे मिळून टाळ्या पिटतायत, आणि गाणं कसलं? तर ती दुसऱ्याबरोबर गेली! अडीच मिनिटांत खेळ खलास. रडायचं, पण नाचत.

हे माझंच चाललंय की!

५ ऑगस्ट

पाकिटातली पुस्तिका वाचली. एका बँडची एकच रेकॉर्ड निघाली, खपली नाही, गाणारा पुढं घरं रंगवायला लागला. दुसऱ्याचा पत्ताच सापडला नाही म्हणे. इतकं चांगलं करून कुणी ऐकत नसेल तर करायचं कशाला?

बाबा हसतील. हसतील कसले — एप्रिलपासून माझ्याशी बोलतच नाहीत. तिसऱ्या वर्षाला एचओडीच्या टेबलावर जर्नल आपटून कॉलेज सोडलं, त्या दिवसापासून. सगळं आईमार्फत. “रितूला सांग, गाडी पुसून ठेव.” आणि मी समोरच उभा!

९ ऑगस्ट

तन्वी तीस तारखेला पुण्याला चालली. नोकरी. तीन वर्षं विद्यानगरच्या बसस्टॉपवर जगातलं सगळं बोललो तिच्याशी, तेवढं एक सोडून. आता गाणी बोलतील. पाच सीड्यांतली सोळा निवडायची, आपली एक सीडी करायची. कशानंतर काय येतं, तिथंच सगळं आहे. पहिली चार नुसती मस्ती. मग भांडणं. मग रुसवा. सोळावं एकदम हळू — त्यात मुलगा सरळ सांगून टाकतो. पण आधीची पंधरा ऐकल्याशिवाय ते पोचत नाही.

१३ ऑगस्ट

नववं आणि दहावं परत उलटं केलं. चौथ्यांदा. साजिदभाई: “क्या मियाँ, शादी का मेनू बना रैं क्या?”

१६ ऑगस्ट

पहिली सीडी, वर तन्वीचं नाव घातलेली, बिघडली. दुकानातला सीडी रायटर म्हातारा झालाय, सोळावं गाणं दीड मिनिटावर तुटतं. बाबांच्या गाडीत लावून बघितली तेव्हा कळलं — सीडी वाजवणारी घरात तेवढीच एक वस्तू. ती तशीच गाडीत सोडून दुकानात गेलो, दुसरी काढली. ती शेवटपर्यंत नीट.

१९ ऑगस्ट

दिली. तन्वी हसली. “सीडी? अरे, लावू कुठे? कपाळावर?” घरी येऊन तीच सोळा गाणी फोनवर पाठवली. प्रत्येकापुढं आकडा घालून.

२१ ऑगस्ट

बाबा ऑफिसातून येतात आणि गाडी खाली लावून आतच बसून राहतात. काचा बंद. आज दहा मिनिटं. आई खिडकीतून बघत होती. “आलेत तर, मग वर का येत नाहीत?” का म्हणजे? वर मी आहे ना!

२४ ऑगस्ट

आज पण. पंधरा मिनिटं. इतकं नकोसं झालंय माझं तोंड.

२६ ऑगस्ट

तन्वीला विचारलं, ऐकलीस का. “हो रे, जिममध्ये! मस्त आहेत. शफलवर लावते, म्हणजे बोअर नाही होत.” शफलवर!! आणि शेवटचं? “शेवटचं कुठलं? ते स्लोवालं? ते स्किप केलं यार, ट्रेडमिलवर कसं चालणार ते!”

हेल्मेट भिंतीवर आपटलं. काच फुटली. त्या बँडवाल्यांचं बरं होतं — कोण ऐकत नाही त्याचं नाव तरी त्यांना माहीत नव्हतं.

३० ऑगस्ट

गेली. सोडायला गेलो नाही. पाचही सीड्या दुकानात नेऊन त्याच खोक्यात टाकल्या. साजिदभाईंनी चहा मागवला.

१ सप्टेंबर

सकाळी गाडी पुसत होतो. बाबा खाली आले, किल्ली हातात, मागं येऊन उभे राहिले. आई नाही, निरोप नाही, सरळ मलाच म्हणाले,

“सोळावं मध्येच तुटतं. तिला दिलीस त्यात पूर्ण आहे ना?”